नव्या औषधाला ‘हो’ म्हणण्याआधी

अंगावर पित्त उठणं हा आपल्याकडे आजारच मानला जात नाही. आमसुलाचं पाणी लावा, गेरू फासा, आंबट बंद करा, दोन दिवसांत जाईल, असं घरोघरी सांगतात, आणि पुष्कळांचं जातंही. पण सहा आठवड्यांच्या पुढेही गांधी उठत राहिल्या, तर तो जुनाट आजार झाला असं डॉक्टर समजतात. त्याला क्रॉनिक अर्टिकेरिया म्हणतात. शंभरांत साधारण एकाला तो होतो, आणि बायकांना पुरुषांच्या जवळपास दुप्पट. इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्यावर ऊस घेणाऱ्या घरात मी राहते. हा आजार मी काही वर्षं अंगावर काढला आहे. ज्यांना गोळ्या लागू पडत नाहीत आणि ज्यांना कुणीतरी ‘नवं औषध आलंय, करून बघा’ म्हणत आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझ्या गांधी संध्याकाळी सुरू व्हायच्या. परकराची नाडी आवळते तिथे, बांगड्या घट्ट बसतात तिथे आणि तळपायांना जास्त. एक गांध काही तासांत मावळायची, तोवर दुसरीकडे नवी उठलेली असायची. कधी सकाळी उठल्यावर ओठ सुजलेले असायचे. कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक घेतलं की त्या रात्री हमखास जोर वाढायचा. ही नोंद पुढे फार उपयोगी पडली, कारण ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी अनेकांचा हा आजार भडकतो, हे डॉक्टरांनीच नंतर सांगितलं.

सासूबाईंनी मायेनं वांगी, तूरडाळ, शेंगदाणे एकेक करून ताटातून काढले. माझं वजन उतरलं, गांधी मात्र होत्या तशाच राहिल्या. या आजाराचं मूळ बहुतेकदा खाण्यात नसतं. कातडीखालच्या मास्ट पेशी फुटून हिस्टामिन बाहेर पडतं, आणि त्यानं खाज, लाली आणि सूज येते. पुष्कळ रुग्णांत शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या पेशींना चिथावत असते. म्हणूनच अशा रुग्णांत थायरॉइडचा आजारही इतरांपेक्षा जास्त आढळतो, आणि डॉक्टर रक्ताच्या तपासणीत तो बघून घेतात. उपास करून किंवा पथ्याची यादी वाढवून प्रतिकारशक्तीचं हे भांडण मिटत नाही.

आता गोळ्यांचं. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन या हिस्टामिनला अडवणाऱ्या गोळ्या. रोजच्या एका गोळीनं साधारण निम्म्या रुग्णांना पुरेसा आराम पडत नाही. तेव्हा ‘गोळ्या लागू पडत नाहीत’ असं वाटणारे आपण काही एकटे नसतो. पण हा निष्कर्ष काढण्याआधी दोन गोष्टी व्हाव्या लागतात. खाज सुटल्यावरच नव्हे, तर ठरल्या वेळेला रोज गोळी घ्यायची. दोन ते चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीच गोळी चौपटीपर्यंत वाढवता येते. जगभरच्या तज्ज्ञांनी मान्य केलेली ही पायरी आहे. तिच्या पुढची पायरी ओमालिझुमॅबचं इंजेक्शन, दर चार आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम. हे इंजेक्शन आधी दम्यासाठी होतं, २०१४ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झालं. त्यानंतर सायक्लोस्पोरिन, तेही रक्तदाब आणि मूत्रपिंडावर लक्ष ठेवून. स्टिरॉइड दीर्घकाळ घेणं या शिडीवर कुठेच नाही.

मला हे सगळं उशिरा कळलं. त्याआधी पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या एका गावात, एका दवाखान्यात मला ‘चाचणीतलं नवं इंजेक्शन’ देण्यात आलं. बाजारात अजून यायचंय, तुम्हाला कमी पैशांत देतो, असं सांगितलं. औषधाचं नाव विचारलं तर ‘कंपनीचं गुपित आहे’ हे उत्तर. सही कशावर घेतली नाही, केसपेपरवर काही लिहिलं नाही, बाटलीही दाखवली नाही. इंजेक्शननं जादू झाल्यासारखा आराम पडला. घरात सगळ्यांना आनंद झाला, जाऊबाईंनी आपल्या भावालाही तिथेच न्यायचं ठरवलं. काही आठवड्यांनी गांधी दुप्पट जोरानं परतल्या. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा आराम. मग चेहरा गोल होऊन सुजला, साखर वाढली, जिना चढताना मांड्यांत त्राण उरेना. पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी लक्षणं बघून सांगितलं, की ते शरीरात दीर्घकाळ टिकणारं स्टिरॉइड असणार. नवं औषध म्हणून मला फार जुनं औषध टोचलं गेलं होतं.

याची सर्वांत मोठी किंमत पुढे मोजावी लागली. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात खरोखरची चाचणी चालू होती आणि तिथल्या डॉक्टरांना मी त्यात बसेन असं वाटलं होतं. पण अलीकडे स्टिरॉइड घेतलेल्यांना अशा चाचणीत घेत नाहीत, कारण नव्या औषधाचा गुण कोणता आणि स्टिरॉइडचा कोणता, हे मग वेगळं काढता येत नाही. माझ्याकडे तर औषधाचं नाव नव्हतं, मात्रा नव्हती, तारखांचा कागद नव्हता. मला परत पाठवण्यात आलं. मात्र त्या एका भेटीत खरी चाचणी कशी असते, हे मला बघायला मिळालं.

तिथे पहिलं काम होतं डायरीचं. रोज खाजेला शून्य ते तीन गुण, गांधींना शून्य ते तीन गुण. वीसपेक्षा कमी गांधी असतील तर एक, पन्नासपर्यंत दोन, त्याहून जास्त किंवा मोठे चट्टे असतील तर तीन. सात दिवसांची बेरीज जास्तीत जास्त ४२. ‘लई त्रास होतो’ या शब्दांना वजन नसतं, आकड्याला असतं. ही डायरी चाचणीत जायचं नसलं तरी प्रत्येकानं ठेवावी. शेजारी मोबाइलवर काढलेले फोटो ठेवावेत, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत गांधी मावळलेल्या असतात.

दुसरी गोष्ट कळली ती प्लासिबोची, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. काहींना ती देतात आणि कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नसतं, डॉक्टरांनाही. आधी मला ही फसवणूक वाटली. पण हा आजार आपसूक चढतो आणि उतरतो, तेव्हा उतारावर घेतलेलं काहीही गुणकारी वाटतं. याच आजारावरच्या रेमिब्रुटिनिब या गोळीच्या दोन मोठ्या चाचण्या मिळून नऊशेहून अधिक रुग्णांवर झाल्या. बाराव्या आठवड्यात ही गोळी घेणाऱ्या शंभरांतल्या तीसेक जणांच्या अंगावर खाज-गांधी काहीच उरलं नव्हतं. प्लासिबो घेणाऱ्यांतही शंभरांत सहा ते अकरा जण तसेच पूर्ण मोकळे झाले होते. ही तुलना नसती तर गोळीचा खरा गुण किती, हे कधीच कळलं नसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये ही गोळी अमेरिकेत मंजूर झाली.

आणि नवं म्हणजे सरस असंही नाही. लिगेलिझुमॅब नावाचं इंजेक्शन आधीच्या छोट्या चाचणीत ओमालिझुमॅबपेक्षा वरचढ दिसलं होतं. २०२१ च्या डिसेंबरात मोठ्या चाचण्यांचे निकाल आले तेव्हा ते प्लासिबोपेक्षा चांगलं ठरलं, जुन्या इंजेक्शनपेक्षा नाही. दवाखान्यात ‘लेटेस्ट’ हा शब्द ऐकला की मला हे उदाहरण आठवतं.

चाचणीला भिऊन पळावं असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या वढू परिसरात केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची भारतीय लस रोटाव्हॅक दिल्ली, वेल्लोर आणि पुणे इथल्या ६,७९९ बालकांवर तपासली गेली आणि २०१६ पासून देशाच्या लसीकरणात आली. त्या लेकरांच्या आईबापांनी समजून दिलेल्या होकारातून इतरांची लेकरं वाचली. होकार समजून दिलेला असावा, एवढाच माझा आग्रह आहे.

त्यासाठी कायदा आपल्या बाजूनं आहे. नवी औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९ प्रमाणे अशा चाचणीला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. चाचणीची नोंद भारताच्या चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये असावी लागते. तिचा क्रमांक मागा, घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला इंटरनेटवर तपासायला सांगा. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं, त्याची प्रत तुमच्या हातात मिळायला हवी. लिहिता-वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार हवा. त्या कागदावर तुमचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारतात. घाबरू नका, इजा किंवा मृत्यू झाला तर भरपाईसाठी ते लागतं. चाचणीमुळे काही बिघडलं तर उपचार मोफत मिळायला हवेत. आणि कुठल्याही टप्प्यावर ‘मला पुरे’ म्हणून बाहेर पडता येतं, त्यावरून नेहमीचे उपचार कुणी नाकारू शकत नाही. चाचणीच्या औषधाचे पैसे कुणी मागितले तर तिथून उठा.

बारामती-इंदापूरकडच्या माणसानं आणखी काही प्रश्न विचारावेत. पुण्याला दर किती आठवड्यांनी यावं लागेल, आणि येण्याजाण्याचा खर्च मिळेल का? कारखान्याची तोड आली किंवा रात्री दारं धरायची पाळी आली आणि भेट चुकली, तर काय? खाज अनावर झाली तर कोणती गोळी चालेल? रात्री दोन वाजता काही झालं तर फोन कुणाला करायचा? चाचणी संपल्यावर औषध गुणकारी ठरलेलं असेल, तर ते पुढे मला मिळेल का? मूल होण्याच्या वयातल्या लेकी-सुनांनी गर्भधारणेबद्दलचा नियम नीट समजून घ्यावा. संमतीपत्र घरी आणावं, दोन दिवस वाचावं, नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावं. ‘आत्ताच सही करा’ म्हणणाऱ्याला नकार द्यावा.

तातडीचं एक सांगते. जीभ किंवा घसा सुजला, आवाज बसला, श्वास लागला, चक्कर आली, तर आमसूल शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. रक्तदाबाची एनालाप्रिल किंवा रामिप्रिल जातीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, तिनंही ओठ-जीभ सुजू शकते. आणि स्टिरॉइड बरेच दिवस चालू असेल तर मनानं एकदम थांबवू नका, ते डॉक्टरांच्या सांगण्यानंच उतरवत आणावं लागतं.

माझं पुढे काय झालं? गोळी रोजच्या रोज घेतली, देखरेखीखाली तिची मात्रा वाढवली, मग ओमालिझुमॅब चालू झालं. ते महाग आहे, घरच्यांनी उसाच्या बिलातून खर्च केला. आज मी रात्रभर झोपते. यातलं कुठलंही औषध गुप्त नव्हतं. प्रत्येकाचं नाव, मात्रा आणि तारीख माझ्या फायलीत आहे.

बारामतीत २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सुरुवात तिथून करा, पुढे गरज पडली तर पुणं आहेच. ज्या औषधाचं नाव कागदावर लिहून मिळत नाही, ते अंगात टोचून घेऊ नका, मग सांगणारा कितीही ओळखीचा असो.