खड्यातला शंख

प्रश्न : आजोबांच्या डबीत टाकळीच्या बाजूला वेचलेले दुधी खडे निघाले. एकात झाडाची फांदी दिसते, दुसऱ्यात शंखाचा पीळ. सराफ ओपल म्हणतात. हे जीवाश्म असतील का?
– एक वाचक, इतवारी, नागपूर

उत्तर : फांदीची आशा बहुधा सोडा. दगडाच्या भेगांत मँगनीज पसरून अशी नक्षी उमटते; तिच्यात वनस्पती नसते. शंखाचं मात्र मनावर घ्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या दोन थरांमधल्या काळात इथे तळी होती. त्यांतल्या शंखांत आणि लाकडांत सिलिका मुरली. टाकळीचे असे जीवाश्म स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी 1850च्या दशकात जगापुढे आणले.

दहापट भिंगातून पाहा. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरल्यावर शंखाचं तोंड डावीकडे आलं, तर तो ‘फायसा’ असू शकतो. इथला तो नेहमीचा गोगलगायवर्गीय जीव. नुसती एकात एक वर्तुळं असतील तर तो अकीक. ताडवर्गीय लाकडाच्या आडव्या कापात ठिपके विखुरलेले दिसतात.

ऑस्ट्रेलियातल्या लायटनिंग रिजसारखे रंग चमकवणारे ओपलचे जीवाश्म इथे शोधू नका. आपल्याकडचे बहुतेक चर्ट किंवा कॅल्सेडनी या सिलिकेच्या दगडांचे असतात. ओपल हलकं असतं, घनता सुमारे 2.1, कॅल्सेडनीची 2.6. सराफाच्या काट्यावर, पाण्यात टांगून, हे सहज मोजता येईल.

पॉलिश मात्र करू नका, पीळ घासला जाईल. आजोबांनी नेमकं कुठे वेचले ते लिहून काढा आणि खडे सेमिनरी हिल्सवरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवा.