रोजकीर्दीवरून खतावणी पुन्हां उभारणें

आपल्याकडील जुन्या हिशेबपद्धतींत दोन वह्या मुख्य असत. व्यवहार ज्या क्रमानें घडला त्याच क्रमानें जींत उतरावयाचा ती कीर्द, आणि तिच्यावरून प्रत्येक खात्याची बाकी जींत दाखवावयाची ती खतावणी. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत अशा रोजकीर्दी आजहि पहावयास मिळतात. खतावणी जळाली तरी कीर्दीवरून ती पुन्हां लिहितां येते.

संगणकांतील डेटाबेस ही एक खतावणीच होय. तिच्यांतील बदलांची जी अखंड कीर्द असते तिला लॉग म्हणतात. कोणताहि बदल मूळ खात्यांत कायम होण्यापूर्वीं लॉगमध्यें लिहिला गेलाच पाहिजे, हा येथील मुख्य नियम. आय. बी. एम्. मधील सी. मोहन व त्यांचे सहकारी यांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केलेली 'एरीज' पद्धति याच पायावर उभी आहे.

विद्यार्थिमित्रहो, असें समजा कीं, आपल्या माजिवडा नाक्याजवळ एक पतपेढी आहे. तिच्या डेटाबेसची संपूर्ण नक्कल रोज रात्रीं ११ वाजतां घेतली जाते, आणि लॉगचे तुकडे दर पंधरा मिनिटांनीं दुसऱ्या यंत्रावर पाठविले जातात. एके दिवशीं दुपारीं ३ वाजून १० मिनिटांनीं एका खात्याची शिल्लक दुरुस्त करतांना खातेक्रमांकाची अट घालावयाची राहिली, आणि सर्व खात्यांत तीच रक्कम बसली! कोणाची जन्माची पुंजी दिसेनाशी झाली, तर कोणी फुकट श्रीमंत झाला. चूक ध्यानांत येईपर्यंत ३.४० झाले.

आतां काय करावें? प्रथम व्यवहार थांबवावे. नंतर लॉगचा जो शेवटचा भाग अद्याप दुसरीकडे गेला नसेल तो जपून ठेवावा. गडबडींत पुष्कळांकडून हेंच राहून जातें. मग रात्रीची नक्कल निराळ्या यंत्रावर उतरवावी, म्हणजे हात चुकला तरी आहे तें रूप शाबूत राहील. त्या नकलेवर लॉगमधील नोंदी क्रमानें पुन्हां घडवीत यावें, आणि ३.१० च्या किंचित् अगोदर थांबावें. त्या क्षणीं एखादा व्यवहार अर्धवट असेल, म्हणजे एका खात्यांतून रक्कम निघाली पण दुसऱ्यांत पोंचली नाहीं असें असेल, तर यंत्र तो मागें घेतें. लॉगचा मधला एक तुकडा जरी हरवला असला तरी काम तेथेंच अडतें. पुढचे तुकडे असून नसून सारखेच.

मग ३.१० नंतरच्या अर्ध्या तासांतील खऱ्या व्यवहारांचें काय? ते पावत्या पाहून पुन्हां नोंदावे लागतात. खोटी तेवढी नोंद गाळून बाकीच्या घ्याव्या, असें कोणी सुचवील. पण त्या चुकीच्या शिलकेवरून कोणास पैसे दिले गेले असल्यास हिशेब जुळावा कसा?

'पोस्टग्रेस' या मोफत प्रणालींत ही सोय २००५ सालच्या ८.० आवृत्तीपासून आहे. परंतु नुसती सोय असून भागत नाहीं. नक्कल खरी कीं खोटी हें ती उतरवून पाहिल्यावांचून कळत नाहीं. ३१ जानेवारी २०१७ रोजीं 'गिटलॅब' या कंपनींत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. नकलांच्या अनेक योजना तेथें होत्या. प्रसंगीं त्या निरुपयोगी ठरल्या. सुमारें सहा तास अगोदर दुसऱ्या कामाकरितां घेतलेली एक प्रत सुदैवानें हातीं होती, तिच्यावरून बाकीचें वांचलें. त्या सहा तासांतील नोंदी मात्र परत आल्या नाहींत.