सर्पखाद्यासाठी उंदरांची निवड

सोलापूरजवळच्या होटगी परिसरात रब्बी ज्वारीचे कणीस भरू लागले, की शेतात उंदीर वाढतात आणि त्यांच्या मागावर नाग व घोणस येतात. काढणीच्या दिवसांत पेंढीखाली हात घालणाऱ्या मजुरास सर्पदंशाचा धोका असतो. अशा वेळी त्याचे प्राण वाचविणारे प्रतिविष सापाच्या विषापासूनच तयार होते. हे विष घोड्यांना अल्प मात्रेत टोचून त्यांच्या रक्तद्रवातून प्रतिविष मिळवितात. १८९९ साली प्लेग संशोधन प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेल्या मुंबईच्या हाफकिन संस्थेने या कार्यात मोलाचा वाटा उचलला आहे. विषासाठी पाळलेले साप निरोगी राहावयाचे, तर त्यांचे खाद्यही निर्दोष असावयास हवे.

शेतातील उंदीर का नकोत?

शेतात फुकट मिळणारे उंदीरच सापांना का देऊ नयेत, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. परंतु अशा उंदराच्या पोटात झिंक फॉस्फाइड किंवा यकृतात ब्रोमॅडिओलोन असू शकते. शिवाय पिसवा, जंत व लेप्टोस्पायरोसिससारखे रोग त्यांच्याबरोबर येतात. म्हणून प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढविलेली जातच निवडावी.

कोणती जात निवडावी?

लहान पांढऱ्या उंदराचा गर्भकाळ सुमारे २० दिवसांचा असतो. पिल्ले तीन आठवड्यांत दूध सोडतात आणि सहा ते आठ आठवड्यांत प्रजननक्षम होतात. प्रौढ उंदराचे वजन २० ते ४० ग्रॅम भरते. फुरसे व सापांची वाढती पिल्ले यांना तो सोयीचा पडतो.

मोठ्या पांढऱ्या उंदराचा गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा असतो. परंतु वजन २५० ग्रॅमच्याही पुढे जाते. प्रौढ घोणस व नाग यांना मध्यम वाढीचा असा उंदीर पुरेसा होतो. भक्ष्य सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाहून फार जाड नसावे.

गिनीपिगचा गर्भकाळ दोन महिन्यांहून अधिक आणि पिल्ले थोडी. हॅमस्टरचा गर्भकाळ केवळ १६ दिवसांचा असला, तरी मादी भांडखोर असल्याने जोड्या सांभाळणे कठीण जाते. तात्पर्य, मुख्य पैदास लहान उंदरांची व जोडीस मोठ्या उंदरांची, हीच निवड हितावह ठरते.

दक्षता

एका नराबरोबर दोन-तीन माद्या ठेवाव्यात व प्रत्येक वेताची नोंद करावी. सोलापूरकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उष्म्याने उंदरांची वीण घटते. म्हणून हवेशीर, थंड खोली अत्यावश्यक आहे. जिवंत उंदीर सापास चावून जखमी करू शकतो. यास्तव उंदीर वेदनारहित रीतीने मारूनच खाऊ घालावा.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये परवानगीवाचून साप पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे. शेतकऱ्याने सापाच्या वाटेस जाऊ नये आणि दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे. तेथे मिळणाऱ्या प्रतिविषाच्या कुपीमागे पिंजऱ्यातील या लहानशा प्राण्याचाही वाटा असतो.