घोणसदंश आणि पीयूषिका ग्रंथी

पोलादपूर तालुक्यातील कापडे आणि आसपासच्या गावांत भातलावणी व कापणीच्या दिवसांत माणसे दिवसभर चिखलागवतात वावरतात. अशा वेळी घोणस चावण्याचे भय असते. प्रतिविष मिळाले, रोगी घरी परतला, म्हणजे संकट टळले असे आपण मानतो. परंतु काही रोग्यांत हे विष मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीस इजा करून जाते.

संदेशांची साखळी

मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पीयूषिकेला रासायनिक संदेश पाठवितो. काही संदेश स्राव वाढवितात. डोपामिन मात्र प्रोलॅक्टिनचा स्राव आवरून धरते. त्यानुसार पीयूषिका अवटू, अधिवृक्क व जनन ग्रंथींना कार्यास लावते. जिल्ह्याचा आदेश तालुक्यामार्फत गावी पोहोचावा, तशी ही रचना आहे. मधले कार्यालयच बंद पडले, तर वरचा आदेश व खालची यंत्रणा असूनही काम थांबते.

घोणसाच्या विषाने सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, पुढे रक्तस्रावही होतो. पीयूषिकेचा रक्तपुरवठा तुटून तिच्या पेशी मरतात. ब्रह्मदेशातील अशा रोग्यांची माहिती १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. भारतातही असे रोगी आढळले आहेत. प्रसूतीतील अतिरक्तस्रावानंतर होणारी अशीच विकृती शीहान यांनी १९३७ साली वर्णिली होती.

लक्षणे व उपाय

दंशानंतर लवकरच रक्तदाब व रक्तातील साखर घसरू शकते. कधी महिन्या-वर्षांनी थकवा, थंडी सहन न होणे, अंगावरील केस गळणे, पाळी बंद होणे ही लक्षणे दिसतात. अशा माणसास आळशी ठरविले जाते, किंवा बाहेरची बाधा समजून उतारे केले जातात. वास्तविक रक्ततपासणीने निदान होते व गोळ्यांनी संप्रेरकांची उणीव भरून काढता येते. अधिवृक्काची उणीव आधी भरावी लागते. अवटूचे औषध त्यानंतर. या गोळ्या मनाने बंद करणे जिवावर बेतू शकते.

बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सेवा केलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ग्रामीण रुग्णांच्या काळजीपूर्वक निरीक्षणाचे मोल याच मुलखाने जगास दाखविले आहे. तोच डोळसपणा गावानेही ठेवावा. सर्पदंश होताच रोग्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. आणि बरा झालेला माणूस पुढे खंगत असेल, तर शिक्षक व पंचायत सदस्यांनी त्यास पुन्हा डॉक्टरांकडे पाठवून जुन्या दंशाची माहिती आवर्जून सांगावी.