अनेक हातांची एक वही

सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश आकारास आला. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. तज्ज्ञांनी लिहावे, संपादकांनी तपासावे, मग छापावे, अशी ही रीत. परंतु छापल्यावर सापडलेली चूक पुढील आवृत्तीपर्यंत तशीच राहते.

ही अडचण दूर करणारी संगणकावरील वही म्हणजे ‘विकी’. अमेरिकन संगणकतज्ज्ञ वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली ती प्रथम खुली केली. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट.

समजा, सातारा व सांगली येथील महाविद्यालयांनी प्रयोगांची माहिती अशा सामाईक वहीत लिहिली. सेकंद-लंबकाची लांबी ९९.४ सेंमी. असते, साताऱ्यात कोणी चुकून ९४.९ लिहिली. लंबकाचा आवर्तकाल २ सेकंद धरून गणित केल्यास गुरुत्वीय त्वरण ९.८१ ऐवजी ९.३७ मी./से.² येईल! सांगलीच्या विद्यार्थ्याने लंबक टांगून मोजले, आकडा सुधारला व कारण नोंदविले, की सातारकरांनाही लगेच सुधारलेला आकडा दिसेल. जुना मजकूर मात्र नाहीसा होत नाही. कोणी, केव्हा, काय बदलले ते विकी जपून ठेवते. म्हणून चुकीची दुरुस्ती मागे घेता येते.

पण खरे कोणते, हे विकीला कळत नाही. ते लंबक आणि घड्याळ घेऊन तुम्हीच ठरवावयाचे!