खारे पाणी आणि कपाशीचे पीक

कपाशीस खारे पाणी चालते, असे आमच्या कास्तकार बंधूंपैकी पुष्कळांचे मत आहे, आणि ते अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही. अमेरिकेतील मास व हॉफमन या शास्त्रज्ञद्वयाने इ. स. १९७७ साली निरनिराळ्या पिकांच्या क्षारसहनशक्तीचे जे कोष्टक प्रसिद्ध केले, त्यात कपाशीचे स्थान बरेच वरचे, जवळजवळ सातूच्या जोडीचे आहे. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युद्वाहकता दर मीटरास ७.७ डेसिसीमेन होईपर्यंत उत्पन्नास धक्का लागत नाही. तेथून पुढे दर एका अंकास शेकडा ५.२ तूट येते. म्हणजे १० अंकांच्या जमिनीतही शेकडा बाराचेच नुकसान.

हे आकडे वाचून विहिरीचे मचूळ पाणी बेधडक सोडणारास आमची विनंती आहे की, त्याने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. एक, हा अंक मातीचा आहे, विहिरीचा नव्हे. पाणी झाड पिते, उन्हाने उडून जाते. क्षार मात्र मागे राहतो व पाळीगणिक साचतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अशी परीक्षा बहुधा रोपे स्थिरावल्यानंतर क्षार देऊन घेतलेली असते. सरकी रुजताना व रोप कोवळे असताना कपाशी इतकी धीराची नसते. खारामुळे मातीत ओल असूनही बीजास ती ओढून घेता येत नाही. उगवण उशिरा व विरळ होते, मुळी आखूड राहते, आणि जे झाड पहिल्या महिन्यात खुरटले ते पुढे पाते व बोंडे कमीच धरते.

आता मांजरसुंब्याकडील रीत पाहा. ज्याच्याजवळ विहीर व ठिबक आहे तो मे अखेरीस सरकी टोबतो, पावसावर लाव करणाराच्या पुढे जाण्याची त्याला घाई असते. पण याच वेळी विहीर तळाला गेलेली असते, आणि उरलेले पाणी वर्षातील बहुधा सर्वांत खारे असते. सर्वांत नाजूक अवस्थेस सर्वांत वाईट पाणी, असा हा योग आपण आपल्या हातांनी जुळवून आणतो. गुलाबी बोंडअळीच्या भयाने कृषिखाते जूनपूर्वी लागवड करू नका म्हणून सांगतेच. त्यास हे दुसरे कारण जोडावे.

क्षार किती साचतो याचा हिशेब कोणासही करता येईल. २ डेसिसीमेनच्या पाण्यात दर लिटरास सुमारे १.२८ ग्रॅम क्षार असतो. एकरभर एक इंच पाणी म्हणजे १ लाख २ हजार लिटरांहून अधिक. दोन इंचांच्या सहा पाळ्या दिल्या तर एका एकरात १५ क्विंटलांहून जास्त क्षार पडला. कोरडवाहू कपाशीचा तितका कापूस एकरी कोणास निघाला, हे वाचकांनीच सांगावे!

हा क्षार कोठे जातो, हे जमिनीवर अवलंबून आहे. बालाघाटाच्या माथ्यावरील मुरमाड, हलक्या रानात निचरा चांगला. मृगापासून हस्तापर्यंत पाऊस बरा झाला तर बराचसा क्षार धुऊन खाली जातो. परंतु घाट उतरून बिंदुसरेच्या व पुढे सिंदफणा-गोदावरीच्या काठच्या खोल काळ्या जमिनीत तेच पाणी दिले तर क्षार तेथेच बसतो. नीरेच्या खोऱ्यात इ. स. १८८५ साली कालवा सुरू झाला, आणि पंचवीस वर्षांच्या आत तेथील क्षारपड जमिनींवर डॉ. हॅरल्ड मान व श्री. तम्हाणे यांस इ. स. १९१० साली पुस्तिका लिहावी लागली. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत, खारपाणपट्टा म्हणून जो मुलूख प्रसिद्ध आहे तेथे तर भूगर्भातील पाणीच खारे. म्हणून कापसाच्या त्या देशात विहिरी असूनही शेतकरी पावसाकडे पाहतो, आणि शेततळ्यास सोन्याचे मोल आले आहे.

पाण्याची पारख जिभेने करू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. ज्या पाण्यात साबण फेसाळत नाही व डाळ शिजत नाही ते जड पाणी. त्यात चुना व मॅग्नेशियम असतात, आणि काळ्या जमिनीस ते त्या मानाने कमी बाधते. उलट ज्यात डाळ झटकन मऊ होते, त्या पाण्याची घरात वाहवा होते. पण ते सोड्याचे असेल तर त्यातील सोडियम चिकण मातीचे कण सुटे करून जमीन चोपण करतो. पावसात चिखल, उन्हात दगड, आणि वाफसा म्हणून येत नाही. काळ्या जमिनीत ही विकृती शेकडा १५ सोडियमच्या रूढ मर्यादेच्या पुष्कळ आधीच दिसू लागते. अशा ठिकाणी जिप्सम व शेणखत हे उपाय. मात्र निचऱ्याचा चर नसेल तर जिप्समचा पैसा वाया गेला म्हणून समजावे.

ज्याजवळ शेततळ्याचे किंवा अन्य गोडे पाणी थोडेच आहे, त्याने ते उगवणीस व पहिल्या महिन्यास राखावे, आणि खारे पाणी झाड गुडघाभर वाढल्यावर पाऊस ताण देईल तेव्हा वापरावे. आंतरपीक मुगाचे असेल तर ही सवलतही नाही. मूग खारास फार हळवा. सरीवर लावणाराने सरकी वरंब्याच्या शेंड्यावर टोबू नये, क्षार तेथेच चढतो, बगलेस टोबावी. ठिबकात क्षार ओल्या गोलाच्या कडेस जमतो, व पहिल्या हलक्या सरीने तोच मुळाशी लोटला जातो. यास्तव पाऊस भुरभुरत असताना ठिबक बंद न करता चालूच ठेवावे. शेजारी हसतील, हसू द्यावे.

पाण्याचा नमुना वर्षातून दोनदा, मे महिन्यात व पावसाळ्यानंतर, जिल्ह्याच्या मृद्‌परीक्षण प्रयोगशाळेत द्यावा. पंप अर्धा तास चालवून मग त्याच पाण्याने बाटली दोन-तीनदा विसळून भरावी, आणि चिठ्ठीवर गट क्रमांक, तारीख व त्या दिवशी विहिरीत किती फूट पाणी होते ते लिहावे.