कालपर्यंत खात होता, तरी

बिअर्डेड ड्रॅगन पाळणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येते: काल तर व्यवस्थित खात होता, आज सकाळी टँकमध्ये मेलेला सापडला. या वाक्यात खोटे काही नसते. पण त्यावरून रात्रीत काहीतरी घडले असावे असा जो निष्कर्ष काढला जातो, तो बहुतेक वेळा चुकतो आणि त्या चुकीची किंमत घरात येणाऱ्या पुढच्या प्राण्याला मोजावी लागते. माझे म्हणणे असे आहे की या सरड्याच्या मृत्यूची सुरुवात बहुधा काही आठवडे, कधी काही महिने आधीच झालेली असते. आपल्या नजरेस पडतो तो शेवटचा दिवस. काही तासांत जीव घेणारी कारणेही आहेत, पण ती मोजकी आहेत आणि जवळजवळ सगळी टाळता येतात.

आजार इतका काळ लपतो कसा, हे आधी समजून घ्यायला हवे. हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातल्या कोरड्या, उघड्या मुलखातला. तिथे जो अशक्त दिसतो त्याला शिकारी पक्षी आधी उचलतात, म्हणून दुखणे न दाखवणे हा त्याचा स्वभावच आहे. शिवाय थंड रक्ताच्या प्राण्याच्या शरीराचा कारभार संथ असतो. मूत्रपिंडे बिघडली, यकृतात चरबी साठली, तरी तो बरेच दिवस खातो, उन्हाला बसतो, हाक मारली की मान वळवतो. त्यामुळे भूक हा त्याच्या तब्येतीचा पुरावा मानता येत नाही. वजन मात्र फसवत नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला वजन करून ते वहीत लिहावे आणि मोठ्या सरड्याचे वजन दहा टक्क्यांनी उतरले की तो कितीही तरतरीत दिसो, डॉक्टरांकडे न्यावे.

या संथ कारणांत मी सगळ्यात वर ठेवते ते कॅल्शियमच्या कमतरतेला. साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे यूव्हीबी किरण त्वचेवर पडले, की तिथल्या एका द्रव्यापासून शरीराच्या उबेत ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या जोरावर आतडी कॅल्शियम शोषतात. हे थांबले तरी रक्तातली पातळी टिकवणे शरीराला भागच असते, म्हणून ते हाडांतून कॅल्शियम काढू लागते. हा काळ सर्वांत फसवा. सरडा खातो, वाढतो आणि आतून पोकळ होत जातो. नीट पाहिले तर खुणा दिसतात: खालचा जबडा बोटाने हलके दाबला तर रबरासारखा लवतो, उन्हात स्थिर बसलेला असताना पुढच्या पायांची बोटे बारीक थरथरतात, चालताना पोट जमिनीला घासते. पुढे वाढीचा जोर आला किंवा मादीच्या पोटात अंडी धरली, की हाडांकडे द्यायला काही उरत नाही. रक्तातले कॅल्शियम एकदम कोसळते, झटके येतात, हृदय थांबते. पाळणाऱ्याच्या लेखी हे सगळे एका सकाळचे असते.

यावर नेहमी दोन आक्षेप येतात. पहिला, दिवा तर रोज चालू होता. पण यूव्हीबी ट्यूबचा डोळ्यांना दिसणारा प्रकाश तसाच राहतो आणि उपयोगाचे किरण महिन्यागणिक घटत जातात. म्हणूनच ती जळायची वाट न पाहता साधारण सहा ते बारा महिन्यांत बदलायची असते आणि बसवल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवायची असते. दिवा आणि सरडा यांच्यामध्ये काच आली तर हे किरण जवळजवळ अडतातच, त्यामुळे बंद खिडकीतल्या उन्हाचाही उपयोग नाही. दुसरा आक्षेप पावडरचा: आम्ही ड जीवनसत्त्वाची पूड देत होतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० साली वाढत्या पिल्लांवर नेमके हेच तपासले. यूव्हीबी मिळालेल्या पिल्लांच्या रक्तात या जीवनसत्त्वाची पातळी नुसत्या खाण्यातून ते मिळालेल्यांपेक्षा कितीतरी जास्त भरली. कॅल्शियमची पूड द्यायचीच, कारण रातकिडे आणि मीलवर्ममध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. पण ती दिव्याची जागा घेत नाही. आपल्याकडे हिरवा पाला म्हणून सर्रास पालक घातला जातो, त्यातले ऑक्झॅलेट तर हे थोडके कॅल्शियमही बांधून ठेवते.

बाकीची संथ कारणे थोडक्यात सांगते. पाणी कमी आणि प्रथिने अती झाली की मूत्रपिंडे थकतात, यूरिक आम्लाचे पांढरे थर हृदयाच्या आवरणावरसुद्धा चढतात आणि ते शवविच्छेदनातच दिसतात. नराचा सहवास नसलेली मादीही अंडी धरते. तिला उकरायला खोल माती मिळाली नाही तर ती पोटात अडकून राहू शकतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यातली ओल फुप्फुसांना आणि कातडीला त्रास देते, कारण हा कोरड्या हवेतला जीव आहे. आणि एक विषाणू आहे, अ‍ॅडिनोव्हायरस. तो मुख्यतः पिल्लांना मारतो, पण कित्येक मोठे सरडे तो अंगात बाळगून वर्षानुवर्षे धडधाकट दिसतात. म्हणून ‘त्याच दुकानातला, त्याच वेळी आणलेला दुसरा मजेत आहे’ या युक्तिवादाने काहीच सिद्ध होत नाही. एकाच संसर्गात एक दगावतो, दुसरा तो पसरवत जगतो.

आता खरोखर तासांत मारणारी कारणे. त्यांतले सर्वांत भयानक आहे काजवा. कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस आइस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली अमेरिकेतल्या अशा मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली. तिथल्या फोटिनस काजव्यांच्या अंगात हृदयावर आघात करणारे, भेकाच्या विषाशी नाते सांगणारे द्रव्य असते. काजवा गिळलेला सरडा डोके झटकू लागतो, तोंड वासतो, फिकट अंग काळे पडते आणि तास-दोन तासांत सगळे संपते. एकच किडा पुरतो. ऑस्ट्रेलियात फोटिनस नाही, त्यामुळे हा खाऊ नये हे या सरड्याला उपजत ठाऊक नाही. सह्याद्रीतले काजवे वेगळ्या जातींचे आहेत, मग ते चालतील, असे कोणी म्हणेल. पण ते निर्धोक असल्याचा पुरावा हाती नसताना प्राण्याच्या जिवावर प्रयोग कशाला? मे-जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडीच्या बाजूला राहणाऱ्यांनी संध्याकाळी दिव्यापाशी येणारा किडा उचलून टँकमध्ये टाकू नये. घरातली झुरळे, बागेतले टोळ यांनाही हाच नियम, कारण त्यांच्यावर कुठे कोणती फवारणी झाली हे आपल्याला कळत नाही. अ‍ॅव्होकॅडो तर घरात असला तरी त्याच्यापासून दूर ठेवावा. उन्हाचे म्हणाल तर ऊन चांगलेच, काचेचा टँक गॅलरीत ठेवणे घातक. सरडा अंग थंड करतो ते सावलीत सरकून. टँकमध्ये सावलीची बाजूच उरली नाही तर थोड्याच वेळात तो आतल्या आत भाजतो.

थंडीत मात्र उलटी गफलत होते. निरोगी सरडा हिवाळ्यात आठवडे-आठवडे निपचित झोपू शकतो. त्यामुळे हालचाल नाही एवढ्यावरून तो गेला असे ठरवू नये, डॉक्टरांना हृदयाचे ठोके तपासू द्यावेत. पण सगळी मरगळ झोपेच्या नावावर खपवणे त्याहून धोक्याचे आहे. झोपलेल्याचे वजन फारसे घटत नाही, आजाऱ्याचे घटते. इथे पुन्हा ती वहीच कामाला येते.

सरडा गेलाच, तर शवविच्छेदन करून घ्यावे असा माझा आग्रह आहे. ‘आता कळून काय उपयोग?’ हा प्रश्न दुःखातून येतो, त्याचा मी अनादर करत नाही. पण घरात दुसरा सरडा असेल किंवा पुढे आणायचा असेल, तर उपयोग त्याला आहे. देह पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. फ्रीझरमध्ये नको, बर्फाने पेशी फाटतात आणि तपासणाऱ्याला काही वाचता येत नाही. शक्य तर दुसऱ्याच दिवशी न्यावा. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी आधी फोन करून चौकशी करावी आणि सोबत वजनाची वही, दिव्याची तारीख, आठवडाभराच्या खाण्याची यादी न्यावी. अहवाल येईपर्यंत त्या टँकमध्ये नवा प्राणी सोडू नये. कॉक्सिडियासारख्या परजीवींची बीजे साध्या फिनेलने मरत नाहीत. लाकूड, वाळू टाकून द्यावी, काच आणि दगड उकळत्या पाण्याने किंवा वाफेने धुवावेत, आणि नव्या सरड्याची विष्ठा तपासून झाल्याशिवाय त्याला जुन्याच्या शेजारी ठेवू नये.